मल्टि-मॉड्यूल बिल्डमधल्या कॉन्फिग फाइली एका जागी आणल्या, त्याचा अनुभव

आमचा प्रोजेक्ट जावाचा, मेव्हन या बिल्ड टूलवर बिल्ड होणारा, वर एक पॅरेंट पॉम (पॉम म्हणजे मेव्हनची सेटिंग्जची फाइल, पॅरेंटमधलं खालच्या सगळ्यांना लागू) आणि खाली भरपूर मॉड्यूल्स, म्हणजे वेगवेगळे बिल्ड होणारे भाग. नवीन मॉड्यूल सुरू करायचं झालं की शेजारच्या मॉड्यूलमधून ठरलेल्या फाइली उचलायच्या आणि आपल्याकडे पेस्ट करायच्या अशी पद्धतच पडून गेली होती. चेकस्टाइलची (कोड लिहिण्याचे नियम तपासणारं टूल) एक्सएमएल, तिची सप्रेशन्सची म्हणजे नियमांतून सूट देणारी फाइल, लॉगबॅकची (लॉग लिहिणारी लायब्ररी) फाइल, टेस्टसाठीचं वेगळं लॉगबॅक, कॉमन प्रॉपर्टीज, सोर्स फाइलच्या डोक्यावर लागणारा लायसन्सचा मजकूर, असं सगळं. पेस्ट केल्या दिवशी सगळ्या कॉप्या सारख्या असतात, मग कुणीतरी एका मॉड्यूलमध्ये ओळीची लांबी १०० ची १२० करतं, कुणी एखादा नियम बंद करतं, कुणी लॉगचा पॅटर्न बदलतं, आणि प्रत्येकाचं कारण त्या वेळेला बरोबरच असतं. पण काही काळाने बघावं तर एकाच प्रोजेक्टमध्ये वेगवेगळे कायदे चालू असतात. एक क्लास या मॉड्यूलमधून त्या मॉड्यूलमध्ये हलवला, कोडचं अक्षर बदललं नाही, तरी बिल्ड फुटतो. लॉग गोळा करणाऱ्या सिस्टिमला एका सर्व्हिसची तारीख वाचता येते, दुसरीची येत नाही. हे सगळं एकत्र आणायचं काम मी अंगावर घेतलं आणि त्यात जे जे समोर आलं ते सविस्तर लिहितेय, कारण या विषयावर मिळणारी उत्तरं बहुतेक एका ओळीची असतात, "हा पाथ टाका, चालेल", आणि तीच ओळ एका मशीनवर चालते अन् दुसऱ्यावर का चालत नाही हे कुणी सांगत नाही.

पहिलं काम म्हणजे नेमकं कुठे काय वेगळं आहे ते शोधणं. त्यासाठी वेगळं टूल लागत नाही. गिट प्रत्येक फाइल तिच्या मजकुराच्या हॅशने, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या खुणेने, साठवतं, त्यामुळे मजकूर तोच असेल तर दोन वेगळ्या फोल्डरमधल्या फाइलींचा ब्लॉब आयडीही (हाच तो हॅश) तोच असतो. गिट एलएस-फाइल्सला मायनस एस दिलं की प्रत्येक फाइलचा हॅश आणि पाथ मिळतो, मग फाइलच्या नावाने गाळायचं आणि हॅशवर सॉर्ट करायचं, झालं, कुठल्या कॉप्या जुळ्या आणि कुठल्या भरकटलेल्या ते एका नजरेत दिसतं. भरकटलेल्यांपैकी काही फक्त ओळींच्या शेवटामुळे वेगळ्या दिसत होत्या, विंडोज आणि लिनक्सचा जुना फरक, त्या बाजूला काढल्या. उरलेल्यांसाठी गिट लॉग उघडून एकेक फरक का आला ते वाचत बसले. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. कारण काही फरक खरंच हवे असतात. एका मॉड्यूलमध्ये स्कीमापासून तयार होणारा कोड होता, त्याला चेकस्टाइलमधून सूट होती आणि ती असायलाच हवी. दुसऱ्या एका मॉड्यूलमधली सूट मात्र कधीतरी घाईत टाकलेली, ज्या क्लाससाठी टाकली तो क्लाससुद्धा आता नव्हता. या दोन्हीतला फरक डिफमध्ये दिसत नाही, इतिहासातच दिसतो.

ही यादी हातात आल्यावर सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न एकच: ही फाइल कोण वाचतं आणि कधी? चेकस्टाइलची फाइल बिल्ड चालू असताना एक प्लगइन वाचतं. टेस्टचं लॉगबॅक टेस्ट चालताना वाचलं जातं. ॲप्लिकेशनची प्रॉपर्टीज फाइल प्रोडक्शनमध्ये, बिल्ड संपून गेल्यावर, कुठल्यातरी भलत्याच मशीनवर वाचली जाते. डोळ्यांना तिन्ही "कॉन्फिग फाइली"च दिसतात, म्हणून लोक तिन्हींना एकाच फोल्डरमध्ये टाकतात आणि एकाच युक्तीने शेअर करायला बघतात, आणि माझं ठाम मत आहे की निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. मेव्हनमध्ये या तिघांचे क्लासपाथच, म्हणजे फाइली आणि लायब्ररी शोधायच्या जागांच्या याद्याच, वेगळे असतात. प्लगइनचा आपला स्वतंत्र क्लासपाथ, टेस्टचा वेगळा, ॲप्लिकेशनचा वेगळा. प्रोजेक्टच्या डिपेन्डन्सीजमध्ये (ज्यांवर तो अवलंबून आहे त्यांच्या यादीत) टाकलेली जार (जावाच्या फाइलींचं झिपसारखं पॅकेज) प्लगइनला आपोआप दिसत नाही, त्याला हवी असेल तर ती प्लगइनच्या आत, प्लगइनच्या स्वतःच्या डिपेन्डन्सीजमध्ये द्यावी लागते.

सुरुवात चेकस्टाइलपासून केली.

टीममध्ये पहिली सूचना आली ती पाथची. रूटवर कॉन्फिग नावाचं फोल्डर करू, फाइल तिथे ठेवू, आणि पॅरेंट पॉममध्ये तिचा पाथ देऊ. ऐकायला सोपं आहे. पण पॅरेंटमध्ये लिहिलेली ओळ मुलांकडे वारशाने जाते ती तशीच्या तशी, आणि व्हेरिएबलची किंमत भरली जाते ती मुलाकडे गेल्यावर. म्हणजे पॅरेंटमध्ये बेसडिर (चालू प्रोजेक्टचं फोल्डर) लिहिलं तर प्रत्येक मॉड्यूलमध्ये ते त्या मॉड्यूलचं फोल्डर होतं, रूटचं नाही. मग लोक एक पायरी वर जाणारे दोन डॉट लावतात, ते एका पातळीच्या मॉड्यूलला चालतं, मॉड्यूलच्या आत मॉड्यूल आलं की दोन पायऱ्या लागतात आणि रूटवर स्वतःसाठी एकही नको असते. प्रोजेक्ट डॉट पॅरेंट डॉट बेसडिर लिहिलं तरी तीच अडचण, शिवाय पॅरेंट पॉम शेजारच्या फोल्डरमधून न येता रिपॉझिटरीतून (मेव्हनच्या तयार पॅकेजेसच्या साठ्यातून) आला तर त्याला बेसडिर नसतंच, कारण डिस्कवर त्याचं असं फोल्डर नाही. सेशन डॉट एक्झिक्यूशनरूटडिरेक्टरी म्हणजे जिथून कमांड मारली ते फोल्डर, रूटवरून मारली तर ठीक, पण आमच्यातले बरेच जण रोजचं काम करताना थेट एका मॉड्यूलमध्ये जाऊन बिल्ड मारतात, तिथे ते कोलमडतं.

यातल्या त्यात बरा पर्याय म्हणजे मेव्हन डॉट मल्टिमॉड्यूलप्रोजेक्टडिरेक्टरी. मेव्हन ३.३.१ मध्ये, २०१५ साली, हे आलं. रूटवर डॉट-एमव्हीएन नावाचं फोल्डर असेल तर मेव्हनची स्क्रिप्ट चालू फोल्डरपासून वर वर जात ते शोधते आणि जिथे सापडेल तो रूट मानते, त्यामुळे कमांड कुठूनही मारा, उत्तर तेच. यात लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे गिट रिकामं फोल्डर साठवत नाही, त्यामुळे डॉट-एमव्हीएन रिकामं ठेवलं तर ते तुमच्या मशीनवर असतं आणि बाकी कुणाकडेच नसतं, आत एखादी फाइल हवीच. आणि हे व्हेरिएबल स्क्रिप्ट भरून देते, त्यामुळे जी टूल्स स्क्रिप्ट न चालवता मेव्हनचा कोड थेट वापरतात त्यांनी ते स्वतःहून भरलं नाही तर ते रिकामं राहतं. मेव्हन ४ मध्ये यासाठी प्रोजेक्ट डॉट रूटडिरेक्टरी आणि सेशन डॉट रूटडिरेक्टरी अशी सरळ सोय दिलीय, पण आम्ही ३ वर होतो. कुणीतरी सिमलिंकचंही (दुसऱ्या जागेच्या फाइलकडे नेणारा दुवा) सुचवलं, तर विंडोजवर गिटची सिमलिंकची सेटिंग बंद असेल तर चेकआउट केल्यावर सिमलिंकच्या जागी एक साधी टेक्स्ट फाइल येते जिच्यात फक्त पाथ लिहिलेला असतो, आणि चेकस्टाइल ती एक्सएमएल म्हणून वाचायला जातं. तो विषय तिथेच संपला.

पाथच्या बाबतीत मला खटकलं ते मात्र वेगळंच होतं. पाथ म्हणजे "ही फाइल माझ्यापासून अमुक अंतरावर आहे" असं गृहीत धरणं. आमच्या एका मॉड्यूलची डॉकर इमेज (ॲप्लिकेशन चालवायचं तयार पॅकेज) बनवताना फक्त त्या मॉड्यूलचं फोल्डर आत कॉपी व्हायचं, रूटचं कॉन्फिग फोल्डर तिथे पोचतच नव्हतं. आणि एक मॉड्यूल पुढे वेगळ्या रेपोमध्ये (गिटच्या स्वतंत्र साठ्यात) जाणार हे ठरलेलं होतं, तिथे दोन डॉट लावून कुठे पोचणार? मेव्हनकडे वस्तू शोधायची मूळ पद्धत आहे ती ग्रुप, आर्टिफॅक्ट (पॅकेजचं नाव) आणि व्हर्जन या तीन गोष्टींनी. मग कॉन्फिग फाइलसुद्धा त्याच वाटेने का जाऊ नये?

म्हणून दुसरा रस्ता घेतला, जो चेकस्टाइल प्लगइनच्या डॉक्युमेंटेशनमध्येही मल्टि-मॉड्यूलसाठी सांगितलेला आहे. बिल्ड-टूल्स नावाचं एक छोटं मॉड्यूल करायचं, त्यात जावाचा कोड शून्य, फक्त एसआरसी-मेन-रिसोर्सेसमध्ये आपल्या नावाचं एक फोल्डर आणि त्यात चेकस्टाइलची फाइल, सप्रेशन्स, हेडर (लायसन्सचा तो मजकूर). त्याची साधी जार बनते. पॅरेंट पॉममध्ये चेकस्टाइल प्लगइनच्या आत डिपेन्डन्सीज टाकून ही जार द्यायची आणि कॉन्फिग-लोकेशनमध्ये पाथऐवजी जारच्या आतलं नाव लिहायचं. ते लोकेशन प्लगइन आधी क्लासपाथवरचा रिसोर्स म्हणून शोधतं, मग यूआरएल म्हणून, मग फाइल म्हणून. रिसोर्स पहिला येतो म्हणूनच आत आपल्या नावाचं फोल्डर ठेवायला सांगतेय, नुसतं चेकस्टाइल डॉट एक्सएमएल असं नाव ठेवलं तर आपली फाइल उचलली की भलत्याच जारमधली, याची खात्री उरत नाही. सप्रेशन्स आणि हेडरलाही त्यांचं त्यांचं लोकेशन असतं, तेही याच पद्धतीने द्यायचं, नाहीतर नियम जारमधून येतात आणि सूट जुन्याच लोकल फाइलमधून, आणि तो प्रकार शोधायला जाम वेळ जातो.

हे लिहून बिल्ड मारला की मेव्हन पहिल्याच सेकंदाला थांबतं, रिॲक्टरमध्ये (मॉड्यूल्सचा बिल्डचा क्रम ठरवणारा मेव्हनचा भाग) सायक्लिक रेफरन्स, म्हणजे गोल फिरणारं अवलंबन, आहे म्हणून. कारण समजून घेतलं की ते अगदी रास्त वाटतं. बिल्ड-टूल्सचा पॅरेंट म्हणजे रूट पॉम. रूट पॉममध्ये असं प्लगइन जे बिल्ड-टूल्सवर अवलंबून. म्हणजे बिल्ड-टूल्सच्या आधी रूट हवा आणि रूटच्या आधी बिल्ड-टूल्स हवं. आणि हे प्लगइन वारशाने बिल्ड-टूल्सकडेही आलेलं, म्हणजे ते स्वतःवरच अवलंबून झालं. उपाय एकच, बिल्ड-टूल्सला पॅरेंट द्यायचा नाही. रूटच्या मॉड्यूल्सच्या यादीत ते राहतं, कारण यादीत असणं म्हणजे अवलंबून असणं नव्हे, पण पॅरेंटचा टॅग काढून टाकायचा. मग रिॲक्टरचा क्रम बघा, बिल्ड-टूल्स सगळ्यात आधी, अगदी रूट पॉमच्याही आधी येतं, आणि मग बाकी सगळे.

पॅरेंट काढल्याची किंमत थोडी असते. एन्कोडिंग, प्लगइन्सची व्हर्जन्स हे त्या पॉममध्ये पुन्हा लिहावं लागतं, नुसती रिसोर्सची जार असल्याने ते जास्त नाही. व्हर्जनचं मात्र नीट बघा. पॅरेंटमध्ये त्या जारचं व्हर्जन म्हणून प्रोजेक्ट डॉट व्हर्जन लिहायचा मोह होतो, पण वर सांगितलं तसं ते मुलाकडे जाऊन भरलं जातं, आणि एखाद्या मॉड्यूलचं व्हर्जन वेगळं असलं की ते त्याच्या व्हर्जनची बिल्ड-टूल्स शोधायला लागतं, जी अस्तित्वातच नसते. आम्ही त्यासाठी वेगळी प्रॉपर्टी केली, बिल्ड-टूल्स डॉट व्हर्जन, आणि तिथे सरळ आकडा लिहिला.

आता फेजचा मुद्दा. फेज म्हणजे बिल्डचा टप्पा, व्हॅलिडेट पहिला, मग कंपाइल, पॅकेज, व्हेरिफाय, इन्स्टॉल असे; गोल म्हणजे प्लगइनचं एक काम. चेकस्टाइलचा चेक गोल मुळात व्हेरिफाय फेजला बांधलेला असतो, आमच्याकडे तो व्हॅलिडेटला ओढलेला होता, चूक लवकर कळावी म्हणून. पूर्ण बिल्डमध्ये काही अडत नाही कारण बिल्ड-टूल्स पूर्ण तयार होऊन मगच पुढच्या मॉड्यूलची पाळी येते. पण नव्याने क्लोन केलेल्या मशीनवर कुणी फक्त व्हॅलिडेट मारलं तर बिल्ड-टूल्ससुद्धा व्हॅलिडेटपर्यंतच जातं, जार नाही, टार्गेट-क्लासेस नाही, आणि पुढचं मॉड्यूल ती जार सापडत नाही म्हणून पडतं. ज्याच्या लोकल रिपॉझिटरीत आधीच्या इन्स्टॉलची जार पडलेली असते त्याला हे दिसतच नाही, त्याच्याकडे सगळं हिरवं. "माझ्याकडे तर होतंय" हे वाक्य इथूनच येतं. आम्ही चेक परत व्हेरिफायला नेला. याच घरातला दुसरा प्रकार म्हणजे मायनस पीएल देऊन एकच मॉड्यूल बिल्ड करणं, तेव्हा बिल्ड-टूल्स रिॲक्टरमध्ये नसते, मेव्हन ती डॉट-एम२ (मशीनवरची लोकल रिपॉझिटरी) मधून उचलतं, म्हणजे नियम आज बदलले तरी तुमच्याकडे तपासणी जुन्या नियमांनी चालते. सोबत मायनस एएम दिलं की ज्यांच्यावर अवलंबून आहे तीही बिल्ड होतात. खात्री करायची असेल तर एकदा डॉट-एम२ मधलं आपल्या ग्रुपचं फोल्डर उडवून कोऱ्या अवस्थेत बिल्ड मारा, सीआयवर (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) जे होणार तेच तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर होतं.

(ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलवाल्यांना हे वाचून नवल वाटेल, कारण तिथे चेकस्टाइल प्लगइन मुळातच रूट प्रोजेक्टच्या कॉन्फिग-चेकस्टाइल फोल्डरमध्ये फाइल शोधतं, आणि बाकीचं कन्व्हेन्शन प्लगइनमध्ये, म्हणजे सगळ्या मॉड्यूल्सच्या सामायिक सेटिंग्जमध्ये, घालता येतं. एकाच रेपोपुरतं बघितलं तर ते निर्विवाद सोपं आहे.)

टेस्टच्या फाइलींचं काम त्या मानाने पटकन झालं. लॉगबॅक सुरू होताना क्लासपाथवर आधी लॉगबॅक-टेस्ट डॉट एक्सएमएल शोधतं, मग साधं लॉगबॅक डॉट एक्सएमएल. म्हणून टेस्ट-सपोर्ट असं दुसरं मॉड्यूल केलं, त्यात लॉगबॅक-टेस्ट आणि सगळीकडे लागणारा टेस्टचा डेटा ठेवला, आणि बाकीच्या मॉड्यूल्सनी ते टेस्ट स्कोपने, म्हणजे फक्त टेस्टपुरतं, घेतलं. कुणाला त्याचं वेगळं हवंच असेल तर त्याच्या स्वतःच्या टेस्ट-रिसोर्सेसमधली फाइल क्लासपाथवर आधी येते, तीच लागू होते, वर लॉगबॅक "ही फाइल क्लासपाथवर एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे" अशी वॉर्निंगही देतं. टेस्ट-जार बनवूनही हे करता येतं, म्हणजे एका मॉड्यूलच्या टेस्टचीच जार काढायची, पण मग त्या टेस्टना लागणाऱ्या टेस्ट स्कोपच्या डिपेन्डन्सीज पुढे जात नाहीत, प्रत्येक मॉड्यूलमध्ये त्या हाताने लिहाव्या लागतात. वेगळ्या मॉड्यूलमध्ये त्या साध्या कंपाइल स्कोपच्या डिपेन्डन्सीज असतात त्यामुळे आपोआप मागोमाग येतात.

खरी काळजी लागली ती रनटाइमच्या, म्हणजे ॲप्लिकेशन प्रत्यक्ष चालताना वाचल्या जाणाऱ्या, फाइलींना, कारण तिथे बिल्ड हिरवा असतो आणि गडबड नंतर कळते. आमच्या बऱ्याच लायब्ररी मॉड्यूल्समध्ये ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज होती आणि सर्व्हिसमध्येही त्याच नावाची. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये क्लासपाथ कोलन लिहून एखादी फाइल मागितली की क्लासपाथवर जी आधी सापडेल तेवढी एकच मिळते. सर्व्हिसची स्वतःची फाइल आधी असते म्हणून ती लागू होते आणि लायब्ररीमधली गपचूप बाजूला पडते. दोन्ही एकत्र होतात असं बऱ्याच जणांना वाटत असतं, तसं होत नाही. म्हणून पहिला नियम केला की लायब्ररीने ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज किंवा लॉगबॅक डॉट एक्सएमएल आपल्या जारमध्ये ठेवायची नाही, ती नावं फक्त शेवटच्या चालणाऱ्या सर्व्हिसची. शेअर करायच्या किमती वेगळ्या, न टकरणाऱ्या नावाच्या फाइलमध्ये, आणि ज्याला हव्या त्याने त्या नाव घेऊन मागवायच्या. लॉगबॅकमध्ये इन्क्लूड टॅगने रिसोर्स ओढता येतो, फक्त ओढल्या जाणाऱ्या फाइलचा बाहेरचा टॅग इन्क्लूडेड असा हवा. स्प्रिंग बूटमध्ये २.४ पासून, म्हणजे २०२० पासून, स्प्रिंग डॉट कॉन्फिग डॉट इम्पोर्ट आहे, त्याने दुसरी कॉन्फिग फाइल नाव घेऊन ओढता येते.

या इम्पोर्टची एक गोष्ट सगळ्यांनी समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. जी फाइल इम्पोर्ट करते तिच्यापेक्षा इम्पोर्ट झालेल्या फाइलमधल्या किमती वरचढ ठरतात. आपल्या डोक्यात उलटं असतं, कॉमन फाइलमध्ये डिफॉल्ट आणि सर्व्हिसच्या फाइलमध्ये बदल, पण इथे इम्पोर्ट हा जणू त्या डॉक्युमेंटच्या लगेच खाली जोडलेला पुढचा भाग असतो, आणि खालचा भाग वरच्याला झाकतो. आमच्या एका सर्व्हिसने टाइमआउट स्वतःचा लिहिला होता, फाइलमध्ये तो स्पष्ट दिसत होता आणि चालत होता मात्र कॉमनमधला. उपाय या नियमातच आहे, फाइलचे दोन भाग करायचे, वरच्या भागात फक्त इम्पोर्ट आणि मग वेगळं डॉक्युमेंट सुरू करून त्यात सर्व्हिसच्या स्वतःच्या किमती. यामलमध्ये तीन डॅश, प्रॉपर्टीजमध्ये हॅश लावून तीन डॅश. मग खालचा भाग वरचढ होतो आणि हवं तसं वागतं. एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल या सगळ्यांच्या वर असतातच.

आणि पासवर्ड, टोकन, प्रायव्हेट की या जारमध्ये अजिबात टाकायच्या नाहीत. कॉन्फिग शेअर करायची सोय झाली की कुणीतरी विचारतंच, मग डेटाबेसचा पासवर्डही इथेच ठेवू का. जार रिपॉझिटरीत जाते, ज्याला ती डाउनलोड करता येते त्याला ती झिपसारखी उघडताही येते, आणि जुनी व्हर्जन्स तिथे तशीच पडून राहतात.

फिल्टरिंगबद्दल थोडं. मेव्हनचं रिसोर्सेस प्लगइन फाइलमधल्या व्हेरिएबलच्या जागी किमती भरून देतं, सोयीचं आहे, पण शेअर केलेल्या मॉड्यूलमध्ये ते वापरताना किमती कधी भरल्या जातात ते बघा. कॉमन लॉगबॅकमध्ये प्रोजेक्ट डॉट आर्टिफॅक्टआयडी लिहिलं तर ते कॉमन मॉड्यूल बिल्ड होतानाच भरलं जातं, म्हणजे सगळ्या सर्व्हिसच्या लॉगमध्ये त्या कॉमन मॉड्यूलचंच नाव छापून येणार. सर्व्हिसचं नाव हवं असेल तर ते रनटाइमला भरलं जाईल असंच ठेवायला हवं. आणि फिल्टरिंग चालू असलेल्या फोल्डरमध्ये कीस्टोअरसारखी (किल्ल्या आणि सर्टिफिकेट्स ठेवायची) बायनरी फाइल ठेवली तर प्लगइन तिलाही टेक्स्ट समजून वाचतं आणि परत लिहिताना ती खराब होते. मुळात फक्त जेपीजी, पीएनजी, गिफसारख्या इमेज फाइली त्यातून वगळलेल्या असतात, बाकीची एक्स्टेन्शन्स नॉन-फिल्टर्ड-फाइल-एक्स्टेन्शन्समध्ये आपण लिहायची. त्यापेक्षा फिल्टर होणारं आणि न होणारं अशी दोन फोल्डर्सच वेगळी ठेवली की पॉम वाचणाऱ्यालाही कळतं.

काही टूल्सना मात्र क्लासपाथ वगैरे काही कळत नाही, त्यांना डिस्कवरची खरी फाइलच लागते, उदाहरणार्थ पॅकेजिंगच्या स्क्रिप्ट. तिथे डिपेन्डन्सी प्लगइनच्या अनपॅक गोलने बिल्ड-टूल्सची जार टार्गेटमध्ये उघडली आणि स्क्रिप्टला तो पाथ दिला. हे करताना "आर्टिफॅक्ट अजून पॅकेज झालेलं नाही, एमडीईपी-९८ बघा" (हा प्लगइनच्या बगच्या यादीतला नंबर) असा एरर आला तर घाबरू नका. रिॲक्टरमधलं मॉड्यूल फक्त कंपाइलपर्यंत चालवलं तर जार नसते, नुसतं क्लासेसचं फोल्डर असतं आणि अनपॅकला उघडायला काही मिळत नाही. पॅकेजपर्यंत बिल्ड मारला की चालतं. लायसन्स आणि नोटीससारख्या, प्रत्येक जारमध्ये जायच्या पण थोडा मजकूर मॉड्यूलप्रमाणे बदलायच्या फाइलींसाठी रिमोट-रिसोर्सेस प्लगइन आहे, अपाचेचे प्रोजेक्ट्स तेच वापरतात. आम्हाला तेवढी गरज नव्हती.

फ्रंटएंडच्या मॉड्यूलमध्ये टाइपस्क्रिप्ट होतं, तिथे टीएस-कॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टची सेटिंग्जची फाइल) एक्स्टेंड्स आहे, म्हणजे दुसऱ्या मूळ फाइलवरून सेटिंग्ज घ्यायची सोय, आणि तिथेही पाथचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो, मूळ फाइलमध्ये लिहिलेले रिलेटिव्ह पाथ हे त्या मूळ फाइलच्या जागेपासून मोजले जातात, वापरणाऱ्याच्या जागेपासून नाही. २०२४ मध्ये आलेल्या टाइपस्क्रिप्ट ५.५ मध्ये त्यासाठी कॉन्फिगडिर हे व्हेरिएबल दिलंय. म्हणजे मेव्हनमध्ये अडचण ही की पाथ वापरणाऱ्यापासून मोजला जातो, इथे अडचण ही की तो मालकापासून मोजला जातो. प्रश्न तोच, हा पाथ कोणाच्या नजरेतून आहे.

पुढे ते मॉड्यूल वेगळ्या रेपोमध्ये गेलं तेव्हा बिल्ड-टूल्सही रूटमधून काढून स्वतंत्र रेपो केला, त्याला त्याचं स्वतःचं व्हर्जन. इथे टीममध्ये बराच वाद झाला. स्नॅपशॉट (त्याच नावाखाली आत बदलत राहणारं) व्हर्जन लावू म्हणजे नियम बदलला की सगळीकडे आपोआप जाईल, असं काही जणांचं म्हणणं होतं. मी शेवटपर्यंत विरोध केला. मेव्हन रिमोट स्नॅपशॉट मुळात दिवसातून एकदाच तपासतं, त्यामुळे सकाळी बिल्ड केलेल्याकडे एक नियम आणि नवीन मशीनवर दुसरा. आणि त्याहून वाईट म्हणजे काल हिरवा असलेला कमिट आज कुणीही हात न लावता लाल होऊ शकतो. जुना रिलीज टॅग पुन्हा बिल्ड करायची वेळ आली तर तो ज्या नियमांनी तेव्हा पास झाला तेच नियम लागू व्हायला हवेत. म्हणून पक्कं रिलीज व्हर्जन, आणि नियम बदलायचा झाला तर आधी बिल्ड-टूल्सचं नवीन व्हर्जन, मग प्रत्येक रेपोमध्ये एका ओळीचा बदल आणि त्याबरोबरच त्या नियमाने काढलेल्या चुकांची दुरुस्ती, एकाच पुल रिक्वेस्टमध्ये. यात एक पायरी वाढते हे मान्य, छोट्या बदलालाही दोन रेपोंना हात लावावा लागतो. पण कडक नियम कुणावर अचानक पडत नाही, ज्याचं मॉड्यूल आहे तो आपल्या वेळेने ते व्हर्जन उचलतो.

जुन्या कॉप्या काढताना एका वेळी एकच मॉड्यूल घेतलं. आधी हेल्प प्लगइनच्या इफेक्टिव्ह-पॉमने त्या मॉड्यूलला प्रत्यक्षात कुठलं कॉन्फिग लागू होतंय ते बघायचं, मग लोकल फाइल काढायची, व्हेरिफाय मारायचा, आणि शेवटी बनलेली जार उघडून आत जुनी लॉगबॅक किंवा प्रॉपर्टीज उरलेली नाही ना ते तपासायचं. टार्गेट फोल्डर साफ न करता हे केलं तर काढून टाकलेली फाइलही जारमध्ये दिसत राहते, कारण रिसोर्सेस प्लगइन कॉपी करतं, जुनं पुसत नाही, त्यामुळे आधी क्लीन हवंच.

सगळं झाल्यावर सीआयमध्ये एक छोटी स्क्रिप्ट टाकली, सुरुवातीच्या त्या गिटच्या यादीचीच, जी या ठरावीक नावांची फाइल तिच्या जागेबाहेर कुठे दिसली तर बिल्ड पाडते आणि कुठली फाइल, ती कुठे असायला हवी ते सांगते. स्कीमापासून कोड बनवणाऱ्या त्या मॉड्यूलची स्वतःची सप्रेशन फाइल मात्र ठेवलीय, स्क्रिप्टमध्ये तिचा पाथ अपवाद म्हणून लिहिलाय आणि वर कॉमेंटमध्ये कारण, की हा कोड जनरेट होतो, हाताने लिहिला जात नाही, आणि जनरेटर बदलला तर ही सूट पुन्हा तपासा.